सेंट लुसिया : एक लहानसे बेट आणि दोन नोबेल

टिपणवही
नमस्कार मंडळी. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकातला भारत-ऑस्ट्रेलिया सामना आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. रोहित शर्माने ४१ चेंडूंत ९२ धावा ज्या मैदानावर कुटल्या ते मैदान सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर आहे, इतकीच माझी त्या बेटाशी ओळख होती. सामना संपल्यावर सहज म्हणून वाचायला बसलो आणि गेले काही महिने त्यातून बाहेर पडू शकलेलो नाही.

हे बेट सुमारे ६१६ चौरस किलोमीटरचे, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे, आणि लोकसंख्या दोन लाखांच्याही आतली. एवढ्या वस्तीतून दोन नोबेल मानकरी निघाले : अर्थशास्त्रात १९७९ साली आर्थर लुईस आणि साहित्यात १९९२ साली डेरेक वॉलकॉट. दोघांचा जन्मदिवस एकच, २३ जानेवारी; लुईस १९१५ चे, वॉलकॉट १९३० चे. दोघेही कॅस्ट्रीज या राजधानीतल्या सेंट मेरीज कॉलेज या एकाच शाळेत शिकले. बेटावर दर जानेवारीत या दोघांच्या नावाने नोबेल सप्ताह साजरा होतो.

माझा प्रश्न असा आहे की हा निव्वळ योगायोग मानावा, की त्यामागे काही कारण दाखवता येते? माझे प्राथमिक मत असे की याचे श्रेय त्या शाळेला आणि एकूणच ब्रिटिश शिक्षणपद्धतीला द्यावे लागेल. जाणकारांनी मत मांडावे.

चौकटीबाहेर
दरडोई उत्पन्न ऐकले होते, दरडोई नोबेल प्रथमच ऐकतो आहे. जन्मदिवसाचा योग पाहता त्या बेटावर २३ जानेवारीला प्रसूतिगृहात जागा मिळत नसेल.

शंकासुर
एक तांत्रिक दुरुस्ती सुचवतो. अर्थशास्त्राचे पारितोषिक आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात नव्हते. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते १९६८ साली नोबेल यांच्या स्मरणार्थ सुरू केले. त्यामुळे काटेकोर हिशेब करायचा तर बेटाच्या खात्यावर दीडच नोबेल जमा होते.

अर्थअनर्थ
शंकासुर, लुईस यांना अर्धे मोजू नका. विकासाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास ज्यांच्यापासून सुरू करावा लागतो अशा मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा मुख्य विचार आपल्याला गिरणगावाच्या उदाहरणाने समजू शकेल. रत्नागिरीकडच्या एका घरात चार भाऊ दोन भावांपुरत्या शेतात राबत असतात. त्यांतला एक मुंबईला गिरणीत गेला, तरी शेताचे उत्पन्न फारसे घटत नाही. गिरणीमालकाला त्याला शेतावरच्या पोटापाण्यापेक्षा थोडे अधिक दिले की पुरते, आणि गावात असे आणखी भाऊ शिल्लक असेपर्यंत मजुरी वाढवण्याची गरज पडत नाही. त्यामुळे नफा वाढतो, तो पुन्हा गुंतवला जातो, आणखी माणसे कामावर घेतली जातात. गावातले जास्तीचे हात संपले की मात्र मजुरी चढू लागते. उदाहरण माझे आहे, तर्क लुईस यांचा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रिटिश शिक्षणपद्धतीला श्रेय देताना टिपणवही यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. लुईस चौदाव्या वर्षीच शाळा संपवून सरकारी कचेरीत कारकुनी करू लागले, कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याइतके त्यांचे वय झालेले नव्हते. शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांना अभियंता व्हायचे होते, पण वसाहतीचे सरकार किंवा गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीय अभियंत्याला नोकरी देणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो विचार सोडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. ज्या व्यवस्थेने त्यांना पुस्तके दिली तिनेच दारेही बंद केली होती, हे विसरून केवळ शाळेचे कौतुक करणे मला अपुरे वाटते.

माजघर
या चर्चेत घराचा उल्लेख अद्याप कोणीच केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. लुईस सात वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले आणि आईने पाच मुलगे एकटीने वाढवले. वॉलकॉट आणि त्यांचा जुळा भाऊ रॉडरिक जेमतेम वर्षाचे असताना त्यांचेही वडील वारले. आई ॲलिक्स मेथडिस्ट शाळेत शिकवत असे आणि घरी शिवणकाम करत असे. वयाच्या अठराव्या वर्षी वॉलकॉटना आपला पहिला कवितासंग्रह स्वखर्चाने छापायचा होता, तेव्हा त्या बाईंनी दोनशे डॉलर उभे करून दिले. मास्तरीण आणि शिंपीण अशा दुहेरी कष्टांतून साठवलेली ती रक्कम होती. मुलाने पुस्तकाच्या प्रती रस्त्यात उभे राहून विकल्या आणि पैसे परत केले.

लुईस यांनी पुढे आत्मपर टिपणात लिहिले आहे की बरोबरीची मुले पुरुषांच्या श्रेष्ठत्वाबद्दल बोलू लागली की ती वेडी असावीत असे त्यांना वाटे. दोन मानकरी, दोन विधवा आया. शाळा एक होती हे खरे. परंतु त्या शाळेत शिकलेल्या शेकडो मुलांपैकी याच दोघांचे हे का झाले, याचे उत्तर शाळेकडे नाही.

चौकटीबाहेर
माजघर, दोनशे डॉलरचा तपशील वाचून गप्प बसलो. आमच्या आईने माझ्या कविता वाचून रद्दीवाल्याला हाक मारली होती. निर्णय योग्यच होता.

गडकोट
थोडा इतिहास जोडतो, कारण ‘ब्रिटिश’ हा शब्द या बेटाला इतक्या सहजतेने लावता येणार नाही. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात हे बेट चौदा वेळा हस्तांतरित झाले, सात वेळा याच्याकडे आणि सात वेळा त्याच्याकडे, असे परंपरेने सांगितले जाते. त्याची मोहिनी आणि त्यासाठी झालेल्या लढाया पाहून त्याला ‘वेस्ट इंडीजची हेलन’ असे नाव पडले. राजधानीला कॅस्ट्रीज हे नाव फ्रेंच नौदलमंत्र्यावरून पडलेले आहे. उलट बाजूस, १७८२ साली इंग्रज दर्यासारंग रॉडनी याने सेंट्सच्या लढाईसाठी फ्रेंच आरमाराचा पाठलाग सुरू केला तो याच बेटाच्या उत्तर टोकावरून. तिथल्या पिजन आयलंडवर त्याचा टेहळणीचा किल्ला होता. बेट कायमचे ब्रिटिशांकडे आले ते १८१४ साली, आणि स्वतंत्र झाले २२ फेब्रुवारी १९७९ रोजी. लुईस यांना पारितोषिक मिळाले तेही याच वर्षी.

या दोन आरमारांच्या कथेत एक तिसरा पक्ष नेहमी झाकला जातो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने १७९४ साली गुलामगिरी रद्द केली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी बेट घेतले. मुक्त झालेल्या माणसांना पुन्हा मळ्यांवर जुंपले जाणार, हे दिसताच ते डोंगरांत गेले, आणि १७९५ साली त्यांनी फ्रेंच क्रांतिकारकांच्या साथीने इंग्रजांना बेटावरून हुसकावून लावले. इंग्रजांनी पुढच्या वर्षी मोठी फौज आणून बेट परत घेतले, तरी डोंगरातील लढा १७९७ पर्यंत चालू राहिला. इंग्रजी दप्तरांत या लोकांना ‘ब्रिगंड’ म्हणजे लुटारू म्हटले आहे. ज्याच्या हाती दप्तर असते तो शत्रूला काय म्हणतो, याचा अनुभव मराठी वाचकांना निराळा सांगायला नको.

कायदेपंडित_निवृत्त
गडकोट यांच्या मुद्द्याला पुरवणी. राज्य ब्रिटिशांचे आले तरी फ्रेंच कायदा बेटावरून गेला नाही. १८७९ साली तिथे जी दिवाणी संहिता लागू झाली तिचा आराखडा कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या संहितेवरून घेतलेला होता, आणि तिच्या मुळाशी जुना फ्रेंच कायदा होता. इंग्रजी पद्धतीची न्यायालये आणि फ्रेंच वळणाचा मालमत्तेचा कायदा असा तो संकर आहे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेचे काही भाग अजून लागू आहेत, त्यामुळे गोवेकर वकिलांना हे चित्र परिचयाचे वाटेल.

मांडवीकाठ
गोव्याचे नाव निघालेच आहे तर भाषेबद्दल बोलते. सेंट लुसियात सरकारी भाषा इंग्रजी आहे, पण घराघरांत बोलली जाते ती क्वेयोल : शब्दसंपत्ती बरीचशी फ्रेंच, तर व्याकरणाची ठेवण निराळी, पश्चिम आफ्रिकेच्या भाषांशी नाते सांगणारी. दीडशे वर्षांहून अधिक काळ राज्य इंग्रजांचे असूनही लोकांची भाषा फ्रेंच मुळाची राहिली. तिला शाळेत मज्जाव होता आणि ‘पात्वा’ म्हणजे गावठी बोली म्हणून तिची हेटाळणी होत असे. आमच्या आजीच्या पिढीने कोंकणीबद्दल नेमके हेच ऐकले होते.

पुढे चित्र पालटले. १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षे गव्हर्नर जनरल असलेल्या पर्लेट लुईझी या त्या पदावरील पहिल्या महिला होत्या, आणि क्वेयोलच्या लेखनपद्धतीवर काम केलेल्या अभ्यासकही होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘जूनेन क्वेयोल’ म्हणजे क्वेयोल दिवस साजरा होतो. त्या दिवशी मद्रास कापडाचे चौकड्यांचे पोशाख घातले जातात. हे ‘मद्रास’ म्हणजे आपल्याकडचेच मद्रास. तिथून निघालेले सुती कापड युरोपी व्यापाऱ्यांमार्फत कॅरिबियनमध्ये पोहोचले आणि आता ते तिथला राष्ट्रीय पोशाख झाले आहे.

शंकासुर
कोंकणीशी तुलना मला पटत नाही. कोंकणी पोर्तुगीजांच्या आधीपासून त्या भूमीवर होती. क्वेयोल ही गुलामगिरीतून, एकमेकांची भाषा न समजणाऱ्या माणसांना एकत्र कोंडल्यामुळे जन्मली. हेटाळणी सारखी असेल, जन्मकथा सारखी नाही.

मांडवीकाठ
मान्य आहे. मी हेटाळणीपुरतेच बोलत होते.

वानखेडे_पूर्वस्टँड
धागा गंभीर झाला आहे म्हणून एक जखम उघडी करतो. ३१ मार्च २०१६, वानखेडे, टी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारताने १९२ केल्या होत्या आणि आम्ही स्टँडमध्ये कोलकात्याच्या अंतिम सामन्याच्या तिकिटांविषयी बोलू लागलो होतो. सगळ्यांना सिमन्स आणि रसेल आठवतात. पण सुरुवातीला ५२ धावा करून डाव सावरणारा जॉन्सन चार्ल्स सेंट लुसियाचा, आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार डॅरेन सॅमीही सेंट लुसियाचाच. हा सॅमी म्हणजे कसोटी क्रिकेट खेळलेला त्या बेटाचा पहिला खेळाडू. २००७ साली मँचेस्टरला पदार्पणातच त्याने एका डावात ७ बळी घेतले होते. त्याच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजने २०१२ आणि २०१६ असे दोन विश्वचषक जिंकले. टिपणवही यांनी ज्या मैदानाचा उल्लेख केला आहे ते आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. २००६ साली याच मैदानावर सेहवाग उपाहाराला ९९ वर नाबाद होता, हेही नोंदवून ठेवतो.

चौकटीबाहेर
म्हणजे मुंबईच्या पदरात १९६८ सालच्या हिशेबाप्रमाणे दीड पराभव तरी पडला.

टिपणवही
सर्वांचे आभार. माजघर यांच्या प्रतिसादानंतर माझे मूळ मत बरेच डळमळले आहे. पण एक शंका उरते. वॉलकॉट इंग्रजीत लिहीत होते. बहुसंख्य बेट कॅथलिक असताना ते मेथडिस्ट, घरात इंग्रजी पुस्तके आणि वडिलांनी मागे ठेवलेली जलरंगातली चित्रे. ते खरोखर ‘त्या बेटाचे’ लेखक म्हणावेत का?

पानोपानी
हा प्रश्न वॉलकॉट यांनी स्वतःला जन्मभर विचारला, त्यामुळे तो आपण इथे निकालात काढू असे वाटत नाही. तरी दोन गोष्टी सांगता येतील. १९९० सालच्या ‘ओमेरोस’ या दीर्घकाव्यात त्यांनी होमरच्या महाकाव्यातली नावे घेतली, पण अकिल आणि हेक्टर हे त्यांच्याकडे सेंट लुसियाचे कोळी आहेत आणि हेलन ही तिथलीच कामकरी स्त्री आहे. त्यातला एक प्रसंग तर माजघर यांनी अवश्य वाचावा. कॅस्ट्रीज हे एके काळी आगबोटींना कोळसा पुरवणारे बंदर होते, आणि बायका डोक्यावर कोळशाच्या पाट्या घेऊन जहाजावर चढत असत. वडिलांचा आत्मा कवीला त्या बायकांची रांग दाखवतो आणि त्यांच्या चालीला शब्द देणे हे तुझे काम आहे, अशा आशयाचे सांगतो. (त्याच बंदरातल्या कोळसा कामगारांनी १९३५ साली संप केला, आणि त्या दशकातल्या कॅरिबियन कामगारांच्या लढ्यांवर तरुण लुईस यांनी १९३९ मध्ये पुस्तिका लिहिली. दोघांची वाट एकाच धक्क्यावरून जाते.)

दुसरी गोष्ट हॅरॉल्ड सिमन्स यांची. हा चित्रकार आणि लोकसंस्कृतीचा अभ्यासक वॉलकॉट आणि डन्स्टन सेंट ओमर या दोन मुलांचा गुरू होता. वॉलकॉट कवी झाले. सेंट ओमर चित्रकार झाले. देशाचा ध्वज त्यांनी आखला आणि रोझो खोऱ्यातल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पवित्र कुटुंब रंगवले. टिपणवही, तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर ‘सिमन्स’ हे आहे. शाळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, स्वतःचा स्टुडिओ उघडा ठेवणारा एक माणूस.

अर्थअनर्थ
पण लुईस यांच्या बाबतीत सिमन्स लागू पडत नाहीत.

पानोपानी
नाहीत. म्हणूनच मी ‘आमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर’ म्हणायला हवे होते. शंकासुर यांचा हिशेब येथे उपयोगी पडेल.

गिरमिट
भारतीयांचा उल्लेख अजून झाला नाही. ६ मे १८५९ रोजी ‘पामायरा’ हे जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन कॅस्ट्रीजला पोहोचले. तेव्हापासून १८९० च्या दशकापर्यंत काही हजार लोक आले, मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातून. मराठी मुलूख मॉरिशसच्या मजूर भरतीत ठळक दिसतो, इथे तसा नाही. त्रिनिदादप्रमाणे इथे देवळे आणि सण टिकले नाहीत. संख्या अल्प असल्यामुळे बहुतेक लोक ख्रिस्ती समाजात मिसळून गेले, आणि आडनावे व रोटी तेवढी मागे राहिली.

याच संदर्भात वॉलकॉट यांचे नोबेल व्याख्यान वाचण्यासारखे आहे, कारण त्याची सुरुवात रामलीलेने होते. त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावात उसाच्या मळ्यांच्या पट्ट्यात मुले राम-रावणाचे सोंग घेऊन तयारी करत आहेत, आणि स्वतः नाटककार असलेला हा माणूस प्रथम त्याकडे नाटक म्हणून पाहतो. मग त्याच्या लक्षात येते की ही मुले अभिनय करत नसून श्रद्धेने वागत आहेत, आणि आपण जे हरवल्याचे दुःख करत होतो ते इथे हरवलेलेच नाही. स्टॉकहोमच्या व्यासपीठावर, युरोपीय श्रोत्यांसमोर, बांबूच्या रावणापासून सुरुवात करणे ही साधी निवड नव्हती.

खमंग
माझ्या प्रांतात येते. तिथला राष्ट्रीय पदार्थ ‘ग्रीन फिग अँड सॉल्टफिश’. फिग म्हणजे अंजीर समजू नका, ती कच्ची केळी आहेत. केळी उकडून घेतात. खारवलेला कॉड मासा पाण्यात ठेवून मीठ उतरवतात, मग कांदा, मिरची आणि भाज्यांबरोबर परततात. मुळात हा गुलामांच्या शिध्यातला मासा. उत्तर अटलांटिकमधला हलका माल मळ्यांवर पाठवला जात असे. मी घरी खाऱ्या बांगड्यावर प्रयोग केला. सासूबाईंनी चव घेऊन ‘यात कोकम हवे होते’ एवढाच अभिप्राय दिला, आणि तो बरोबर होता.

अर्थअनर्थ
खमंग यांच्या केळ्यांमागे मोठी कथा आहे. उसाचा धंदा बसल्यावर १९५० च्या दशकापासून बेटावर केळी आली, आणि लहान शेतकऱ्याला प्रथमच आठवड्याला रोख पैसा मिळू लागला. लोक तिला ‘हिरवे सोने’ म्हणत. ब्रिटनच्या बाजारात या बेटांच्या केळ्यांना सवलत होती. अमेरिकेने लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांसह जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९७ साली निकाल युरोपच्या विरोधात गेला आणि सवलती टप्प्याटप्प्याने आटल्या. डोंगरउतारावर दोन-चार एकर कसणारा शेतकरी मध्य अमेरिकेतल्या अफाट मळ्यांच्या भावाशी टक्कर देऊ शकत नव्हता. आज बेटाचा मुख्य आधार पर्यटन आहे. वॉलकॉट यांचा त्यावरही राग होता : गंधकाच्या झऱ्यांच्या सुफ्रिएर गावाजवळ पितों नावाचे दोन सुळके समुद्रातून सरळ वर आले आहेत, त्यांच्या बेचक्यात हॉटेल उभारायला त्यांनी जाहीर विरोध केला होता. हॉटेल झालेच. २००४ साली तो परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

ओवीबद्ध
सगळा धागा वाचला, आणि एक तक्रार आहे. ‘नामवंत’ म्हणजे स्टॉकहोमला जाऊन आलेले, असे आपण गृहीत धरले आहे. सेसेन देकार्त या लोकगायिकेचे नाव एकानेही घेतले नाही. १९१४ ते २०१० असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या मिकू भागातल्या बाईंनी क्वेयोल गाणी अशा काळात गायली, जेव्हा त्या भाषेत गाणे हे मागासपणाचे लक्षण मानले जाई. स्वर्गीय आवाज, आणि जन्मभर साधे जगणे.

बेटावर दोन पुष्पमंडळे आहेत, ‘ला रोझ’ आणि ‘ला मार्गरीत’. पहिल्याचा सण ३० ऑगस्टला, दुसऱ्याचा १७ ऑक्टोबरला. प्रत्येक मंडळाचा राजा, राणी, राजपुत्र, शिवाय शिपाई, परिचारिका असा सगळा दरबार असतो; सणाआधी काही महिने रात्रीच्या बैठका भरतात, मुख्य गायिका ओळ टाकते आणि बाकीचे झेलतात, आणि नियम मोडणाऱ्याला लटका दंड भरावा लागतो. गुलाबवाले मोकळे आणि गलबल करणारे, मार्गरीतवाले शिस्तीचे, असा लौकिक आहे. ज्यांना खऱ्या दरबारात उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपला दरबार भरवला. आमच्याकडच्या भजनी मंडळांतली दोन फळ्यांची चुरस ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या रात्रींची कल्पना येईल.

माजघर
ओवीबद्ध, तक्रार रास्त आहे. त्या यादीत ज्युलियन आल्फ्रेडही घाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला १०० मीटर शर्यत तिने १०.७२ सेकंदांत जिंकली, आणि देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते. नंतर २०० मीटरमध्ये रौप्यही मिळाले. तिचे वडील २०१३ साली वारले होते आणि चौदाव्या वर्षी ती प्रशिक्षणासाठी एकटी जमैकाला गेली.

शंकासुर
म्हणजे शाळा, आई, गुरू यांपैकी काहीही असो, शेवटी प्रत्येकाला बेट सोडावेच लागले. लुईस लंडन, मँचेस्टर, घाना, प्रिन्स्टन असे फिरले. वॉलकॉट जमैका, त्रिनिदाद, बॉस्टन. मग नोबेल बेटाचे कसे?

टिपणवही
शंकासुर, याचे उत्तर शोधताना नकाशाच उघडून बसलो. कॅस्ट्रीजच्या डोक्यावर मोर्न फॉर्च्यून नावाची टेकडी आहे. इंग्रज-फ्रेंचांच्या लढाया जिच्यासाठी झाल्या ती हीच. लुईस १९९१ साली बार्बाडोसमध्ये वारले, पण त्यांचे दफन या टेकडीवर, त्यांचेच नाव दिलेल्या कॉलेजच्या आवारात झाले. वॉलकॉट मार्च २०१७ मध्ये बेटावरच्या आपल्या घरी वारले आणि त्यांनाही याच टेकडीवर पुरले आहे. शाळेला सगळे श्रेय देणारे माझे पहिले वाक्य मी मागे घेतो. ते खोडत नाही, म्हणजे पुढचे प्रतिसाद कशाला आहेत ते कळेल.

खमंग
कोकम घालून पुन्हा केले. फोटो उद्या टाकते.